पाठपोट

कार्डाचं माप ६३ मिलिमीटर रुंद, ८८ मिलिमीटर उंच. चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर ब्लीड सोडायचा, म्हणजे कापताना पट्टी केसभर सरकली तरी पांढरी कड डोकावत नाही. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या डिजिटल प्रेसवाल्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि सांगितलं, "बारा-अठराच्या शीटवर आडवी लावली तर अठरा बसतील." अठरा म्हणजे नऊ-नऊचे दोन संच. एक तुमच्याकडे राहणार, दुसरा रविवारी मित्राच्या हातात पडणार.

"पाठपोट छापायचंय का?" त्यानं विचारलं.

"फक्त पोट. पाठ मी हातानं लिहीन."

म्हणून त्यानं एकाच बाजूनं चकचकीत असलेला ३०० जीएसएमचा बोर्ड वापरला. आता शनिवारची रात्र आहे. शीट टेबलावर पसरलेली आहे, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, नव्या ब्लेडचा कटर हाताशी आहे. पोटावर क्वीन या बँडची नऊ चित्रं आहेत, तुम्ही स्वतः पेन्सिल आणि पोस्टर कलरनं काढलेली. तयार फोटो हवे तेवढे मिळाले असते, पण ते ज्यानं टिपले त्या फोटोग्राफरचे. तुम्हाला तुमच्या हातचं हवं होतं. शीट उलटी केली की मात्र अठरा कोरे चौकोन.

लहानपणी वाड्याच्या जिन्यात बसून तुम्ही दोघं कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं खेळायचात. रँक, उंची, वजन, छाती, दंड. चित्राकडे कुणी बघायचंच नाही, डोळे खालच्या आकड्यांवर. "वजन!" असं एकानं ओरडायचं आणि ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचं कार्ड ओढून घ्यायचं. आता बँडचं काय मोजायचं? किती रेकॉर्ड विकल्या, किती आठवडे पहिल्या क्रमांकावर? ते आकडे कुणीही छापील. मित्र पाठच आधी वाचणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

पट्टी शीटवर बसवता. ब्लेड पहिल्या रेघेवर टेकवता, श्वास रोखता आणि ओढता.

टेबल बदललेलं असतं.

हेही घरातलंच टेबल आहे, पण स्वयंपाकघरातलं. जागा ब्रुकलिन, साल १९५१, दिवस शरदातले. अठ्ठावीस वर्षांचा साय बर्गर हातात कात्री घेऊन पुठ्ठ्याचे तुकडे कापतोय. तो टॉप्स या च्युइंगगम कंपनीत नोकरीला आहे, आणि शेजारी त्याचा सहकारी वुडी गेलमन वाकून बघतोय. पुढल्या वर्षी गमसोबत द्यायच्या बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा हा आराखडा. ४०७ कार्डांचा तो १९५२चा संच पुढे आधुनिक बेसबॉल कार्डांचा मूळपुरुष मानला जाईल, पण आत्ता टेबलावर फक्त कात्री आणि पुठ्ठा. खेळाडूचं चित्र, क्लबचं चिन्ह आणि सहीची नक्कल त्यांनी पुढच्या बाजूला घेतली आहे. दोघांचा बराचसा वेळ मागच्या बाजूवर चाललाय: उंची, वजन, कोणत्या हातानं फेकतो, कोणत्या हातानं मारतो, गेल्या मोसमाचे आकडे, आजवरचे आकडे, जन्मतारीख, जन्मगाव.

जन्मगाव. हा शब्द घेऊन तुम्ही परतता. गायक फ्रेडी मर्क्युरीचं लिहिता येईल: झांझिबार, ५ सप्टेंबर १९४६, नाव फारोख बलसारा. पण चौघांच्या मिळून त्या बँडचं जन्मगाव कुठलं?

दुसरी रेघ कापता.

पसरणीचा घाट चढून एसटी पाचगणीत थांबते आणि तुम्ही उतरता. पावसाळा नुकताच सरलाय. जांभ्याची तांबडी माती अजून ओली आहे, सिल्व्हर ओकची पानं वाऱ्यानं उलटी होऊन रुपेरी दिसताहेत. टेबललँडच्या कडेवर जाऊन खाली बघता तर खोऱ्यात कृष्णा एखाद्या सुतळीसारखी बारीक. तुमच्या ओळखीचा तो निळा विस्तार तिथे नाही, कारण धोमचं धरण अजून बांधलेलंच नाही. साल १९५८. महाराष्ट्र राज्य व्हायलाही अजून दीड वर्ष आहे. खिशात हात घालता तर तिथे नवे पैसे आहेत, दीडेक वर्षापूर्वीच चलनात आलेले.

सेंट पीटर्स शाळेच्या हॉलमध्ये दिवे लागलेत. या वसतिगृहाच्या शाळेत फारोख आठ-नऊ वर्षांचा असताना आला, समुद्र ओलांडून, आईवडिलांना झांझिबारला ठेवून. आता बारा वर्षांचा आहे. मुलांनी त्याचं फ्रेडी करून टाकलंय. केस तेल लावून मागे वळवलेले, वरचे दात पुढे आलेले, ओठ ते झाकायला धडपडणारे. बँडचं नाव हेक्टिक्स. मुलं पाच: ब्रूस मरे, डेरिक ब्रँच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि हा.

तुम्ही त्याला रंगमंचाच्या मधोमध शोधता. तो तिथे नाही. मध्ये ब्रूस मरे गातोय. फ्रेडी कडेला पियानोवर बसलाय, मागून सूर धरतोय. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो पियानोवर जसंच्या तसं उतरवतो, असं त्याचे सोबती पुढे आयुष्यभर सांगणार आहेत. त्याची बोटं बघताना तुम्हालाही ते पटतं. शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या पोरी किंचाळताहेत आणि त्याला ते भलतंच आवडतंय. खांदे तालावर उडताहेत, मान मागे जातेय. पियानोला खिळलेला हा मुलगा बसल्या जागी नाचतोय.

पण तुमची नजर अडकते ती फरांग इराणीच्या वाद्यावर. बेस गिटार घ्यायला पैसे कुणाकडे? म्हणून चहाचं लाकडी खोकं उपडं घातलंय, त्याला एक काठी उभी केली आहे आणि काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत एकच तार. काठी मागे रेलली की तार ताणते आणि सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. ही युक्ती तुम्ही पाहिलेली आहे. जोगत्यांच्या काखेतलं चौंडकं असंच बोलतं, ताणावर. इथे रॉक अँड रोल त्याच ताणावर उभं आहे, आणि हॉल घुमतोय.

परत आल्यावर पहिल्या कार्डाच्या पाठीवर तुम्ही ०.१ च्या काळ्या पेननं लिहिता: "वाद्य: चहाचं खोकं, काठी, एक तार." पुढे अर्धी ओळ रिकामी राहते. ती तशीच ठेवता.

तिसऱ्या रेघेला तुम्ही जास्त वेळ थांबता, कारण पुढच्या घराची ओढ सगळ्यात जास्त आहे.

फेल्टम, लंडनच्या पश्चिमेला. १९६४चा उन्हाळा. हीथ्रोची विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की खिडकीच्या काचा थरथरतात. एका छोट्या खोलीत भुसा पडलाय, महोगनीचा कडसर वास आहे. सोळा-सतरा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड एका लाकडावर वाकलेत. मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातली परवडणारी नव्हती. मग वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणते आणि हाताचे कारागीर, म्हणून १९६३च्या ऑगस्टमध्ये दोघांनी ठरवलं, आपणच करू.

तुम्ही दारापाशी उभं राहून बघता. गिटारची मान ज्या लाकडातून कोरली आहे ती शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीची चौकट होती. किडीनं त्याला भोकं पाडलेली. ब्रायननं त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकून ती बुजवली आहेत आणि वरून घासून साफ केलंय. अंगासाठी लागलेलं ओक एका जुन्या टेबलाचं. सूर लहरवायच्या दांड्याखाली दोन स्प्रिंगा आहेत, १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या. ज्या धारेवर ही यंत्रणा डोलते, ती एका चाकूच्या पात्याची. दांडा म्हणजे सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायची सळई, आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. सगळं मिळून खर्च आठ पौंडांच्या आसपास.

आणि बोटं कुठे ठेवायची ते कळण्यासाठी मानेवर जिथे पांढरे ठिपके लागतात, तिथे शिंपल्याची बटणं. आईच्या शिवणाच्या डब्यातली. ब्रायन एकेक बटण हातानं गोल घासतोय, उजेडाकडे धरतोय, पुन्हा घासतोय. चोवीस पट्ट्या आहेत या मानेवर आणि प्रत्येकीची जागा मोजून ठरवलेली. वडील बोलत नाहीत. मुलगा चुकला तर हात पुढे करतात, नाहीतर बघत राहतात. या शांततेत तुम्हाला खोकलाही आवरावा लागतो.

माझं मत विचाराल तर क्वीनच्या सगळ्या इतिहासात या खोलीइतकी मोठी जागा नाही. ही गिटार, तिला रेड स्पेशल म्हणतात, ब्रायन मे पुढची साठ वर्षं वाजवणार आहे. तारा छेडायलाही तो प्लॅस्टिकची पिक वापरणार नाही, सहा पेन्सचं जुनं नाणं वापरेल. त्या नाण्याची दातेरी कड तारेवर घासली की जो खर्र असा सूक्ष्म आवाज येतो, तो नंतर त्याची सही होऊन बसेल. इतर वादक दुकानातल्या गिटारमधून स्वतःचा आवाज शोधतात. यानं घरातल्या मोडक्या वस्तूंमधून आवाज आधी घडवला आणि मग त्याला शोभतील अशी गाणी केली.

बाहेर पडून तुम्ही चालायला लागता. काही गल्ल्या ओलांडल्या की ग्लॅडस्टन अव्हेन्यू, एकसारख्या घरांची रांग. बावीस नंबरच्या घरात नुकतंच एक पारशी कुटुंब राहायला आलंय. जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, तेव्हा जे हाताला लागलं ते घेऊन निघालेलं: बोमी, जेर, मुलगी कश्मिरा आणि सतरा वर्षांचा मुलगा. तोच, पाचगणीचा. चालत जाता येईल इतक्या अंतरावर दोन मुलं. एक बटणं घासतोय, दुसरा या थंड देशात स्वतःची जागा शोधतोय, आणि दोघांना एकमेकांचं नावही माहीत नाही. कुंपणाशी उभं राहून तुम्हाला त्याला हाक मारावीशी वाटते, उजवीकडे वळ आणि चालत जा, एवढंच सांगावंसं वाटतं. तोंडून आवाज फुटत नाही. त्यांना भेटायला अजून चार-पाच वर्षं लागणार आहेत आणि तीही त्यांच्या वाटेनं.

घरी येऊन तुम्ही आईचा शिवणाचा डबा काढता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण जाम झालेलं. रिळं, हुक, इलास्टिकचं भेंडोळं, आणि तळाशी आजोबांच्या सदऱ्याची शिंपल्याची दोन बटणं. पातळ आहेत. परदेशातल्या महागड्या ट्रेडिंग कार्डांत खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेला असतो, त्याला रेलिक कार्ड म्हणतात. तुम्ही दुसऱ्या कार्डाच्या दोन्ही प्रतींत बटणाच्या मापाची खिडकी कापता, मागून आणखी एक बोर्ड फेविकॉलनं चिकटवता, वर जाडजूड पुस्तकांचा ढीग ठेवता. आजोबांनी क्वीन ऐकलं नव्हतं. तरी ते बटण तिथे शोभतं.

मधली काही कार्डं भराभर होतात. रॉजर टेलरसाठी तुम्ही १९६८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या नोटीस बोर्डापुढे मिनिटभर थांबता. ड्रमर हवा, असा एक कागद तिथे टाचलेला आहे. ब्रायन आणि त्याचा मित्र टिम स्टॅफेल यांनी लावलेला, आणि त्यांना जिंजर बेकर किंवा मिच मिचेलच्या तोडीचा वाजवणारा हवाय. दंतवैद्यकी शिकणाऱ्या रॉजरपर्यंत ही खबर पोहोचते आणि क्वीनच्या आधीचा, स्माइल नावाचा बँड उभा राहतो. कागद तळहाताएवढा. तुमच्या डोळ्यांना ते कार्डच वाटतं, पाठीला टाचण्या टोचलेलं.

जॉन डीकनसाठी १९७२ सालच्या लंडनमधला एक फुटपाथ. बांधकामाचा राडारोडा टाकायच्या लोखंडी पेटीतून वायरी लोंबताहेत. या अबोल बेस वादकाकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे, पहिल्या वर्गातली. तो वाकून एक सर्किट बोर्ड उचलतो, घरी नेतो, पुस्तकांच्या फडताळात ठेवायच्या स्पीकरच्या पेटीत बसवतो आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवतो. ब्रायननं त्यात आपली गिटार जोडली तेव्हा व्हायोलिनांचा ताफा वाजावा तसा आवाज आला. क्वीनच्या रेकॉर्डवर गिटारचा अख्खा वाद्यवृंद वाजतो तो कित्येकदा या पेटीतून. याला डीकी अँप म्हणतात. पाठीवर लिहिता: "सापडलं: कचऱ्यात."

चिन्हाच्या कार्डापाशी हात पुन्हा सावकाश चालतो. फ्रेडीनं ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं, १९६९ मध्ये पूर्ण केलं, त्याच कॉलेजात टिमची ओळख झाली आणि टिममुळे ब्रायन-रॉजरची. पहिल्या रेकॉर्डच्या आधी बँडचं राजचिन्ह त्यानं स्वतः काढलं. तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे आहात. शाईचा थेंब निबावर टांगलाय. मधे क्यू हे अक्षर, आत मुकुट. दोन्ही बाजूंना दोन सिंह, कारण जॉन आणि रॉजर सिंह राशीचे. वर खेकडा, ब्रायनची कर्क. खाली दोन पऱ्या, त्याची स्वतःची कन्या. आपण चंद्रावरून रास काढतो, ही सूर्यावरून. या सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. राशीचक्रात फिनिक्स कुठेच नाही, तो त्यानं हौसेनं घातलाय. चौघांना एका चौकटीत बसवायचं काम त्यानं करून ठेवलंय, आणि तुम्ही या चिन्हाची नक्कल करताना पिसं मोजून काढली होती, म्हणून त्याचा हात कुठे थकला ते तुम्हाला बरोबर कळतं.

१९७५च्या उन्हाळ्याचं टोक, वेल्समधल्या मनमथजवळचं रॉकफिल्ड. हा शेतावरचा स्टुडिओ आहे. काचेमागे फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर एकाच मायक्रोफोनभोवती तेच ते शब्द पुन्हा गाताहेत. टेपवर मार्ग चोवीसच. म्हणून आवाज भरले की ते एकत्र करून एका मार्गावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या मार्गांवर आणखी आवाज चढवायचे, पुन्हा उतरवायचे. तिघांच्या गळ्यांचा असा जमाव होतो. प्रत्येक फेरीला टेप यंत्राच्या हेडवरून घासत जाते आणि तिच्यावरची तपकिरी पूड झडते. कुणीतरी ती पट्टी दिव्यापुढे धरतं, आणि तिच्यातून उजेड आरपार येतो. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं ते गाणं, बोहेमियन रॅप्सडी, ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहील. नऊ आठवड्यांचा आकडा तुम्ही लिहीत नाही. पाठीवर सुईनं एक बारीक भोक पाडता. कार्ड दिव्यापुढे धरलं की उजेड दिसतो.

वेम्बलीला जास्त वेळ घालवत नाही. १३ जुलै १९८५, संध्याकाळचे ६.४१, लाइव्ह एडचा मंच, बहात्तर हजार माणसं, वीसेक मिनिटं. हे दृश्य सगळ्या जगानं पाहिलेलं आहे. तुम्ही गर्दीत उभं राहून एकच हिशेब करता: पाचगणीत आत्ता रात्रीचे ११.११ झालेत, शाळेच्या हॉलमध्ये अंधार असेल, पियानोचं झाकण मिटलेलं असेल. आणि योगायोग म्हणजे बँडची पहिली रेकॉर्ड निघाली तीही १३ जुलैलाच, १९७३ मध्ये. पियानोपाशी बसून फ्रेडी सुरुवात करतो. दोन-तीन मिनिटांत उठतो, खाली पाय नसलेला अर्धाच माइक स्टँड हातात घेतो आणि त्या प्रचंड मैदानाला एकेक स्वर देऊन परत मागून घेतो. बसल्या जागी नाचणारा मुलगा अखेर उठून उभा राहिलाय.

फ्रेडी गेला त्या २४ नोव्हेंबर १९९१ला तुम्ही जात नाही. बर्गरच्या टेबलावरच्या कार्डावर जन्मतारखेची जागा होती, दुसऱ्या तारखेची नव्हती.

पहाटेचे तीन. नववं कार्ड उरलंय, चौघांचं. तुम्ही कोपरे गोल करायच्या पंचनं अठराही कार्डांचे कोपरे मारता, कचरा गोळा करता, आणि मग जन्मगावापुढे लिहायला घेता. जागा कमी आहे, अक्षर बारीक काढावं लागतं: "चहाचं खोकं, शिवणाचा डबा, नोटीस बोर्ड, कचऱ्याची पेटी."

सकाळी मित्र येतो. चहा निवत ठेवून कार्डांचा गठ्ठा हातात घेतो आणि जिन्यातल्या दिवसांसारखा सरळ उलटा करतो, पाठ वर. बटणावरून अंगठा फिरवतो. भोकाचं कार्ड खिडकीकडे धरतो. मग गिटारच्या कार्डावर थांबतो.

"काड्या ठोकून भोकं बुजवली, लिहिलंयस. किती भोकं?"

"मोजली नाहीत."

तो कार्ड तुमच्यापुढे सरकवतो. "मग हे मी आत्ता घेत नाही."

तुम्ही शीटचा उरलेला तुकडा पुढे ओढता, पट्टी ठेवता आणि कटरचं ब्लेड एक खूण बाहेर काढता.